पांढऱ्या रंगाखालची आकाशी गाडी

ज्या गाडीसाठी मी 4 लाख 60 हजार रुपये मोजले, ती आज रत्नागिरीजवळच्या माझ्या बागेत, आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवायच्या शेडमध्ये उभी आहे. ती मला ‘कारखान्याने खास रॅलीसाठी बनवलेला डॉल्फिनचा नमुना, देशात अशा दोनच होत्या, दुसरी घाटात जळाली’ असे सांगून विकण्यात आली. हे सर्व खोटे होते. याच वर्णनाची आणखी एक गाडी सिंधुदुर्गात कोणाला तरी दाखवली जात असल्याचे नुकतेच कानावर आले, म्हणून स्वतःचा मूर्खपणा चारचौघांत मांडण्याचा संकोच बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

डॉल्फिन ही गाडी आजच्या मुलांना ठाऊक असण्याचे कारण नाही. बंगळुरूच्या सिपानी कंपनीने इंग्लंडच्या रिलायंट किटन या गाडीवरून ती 1982 च्या सुमारास बाजारात आणली. पोलादी चासी (गाडीचा खालचा सांगाडा), तिच्यावर फायबरचे अंग, दोन दरवाजे आणि 848 सीसीचे छोटे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन, असा तिचा थाट होता. फायबरच्या अंगावरून लोक तिची टिंगल करत आणि डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आल्यावर तिचे दिवस भरत आले. तथापि वजनाने हलकी आणि मागच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे रॅलीवाल्यांना ती आवडे. 1980 मध्ये हिमालयन रॅली ही मोटारींची शर्यत सुरू झाल्यानंतरचा तो काळ होता. मद्रासजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरत. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि या शर्यतींची छायाचित्रे कापून वहीत चिकटवत असे. ती वही मी या विक्रेत्याला पहिल्याच भेटीत मोठ्या कौतुकाने दाखवली. त्याला जे हवे होते ते मी आपण होऊन त्याच्या हातात दिले, हे मला फार उशिरा कळले.

2024 च्या नोव्हेंबरात एका ओळखीच्या माणसाकडून निरोप आला आणि मी जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली गाडी होती. ताडपत्री ओढण्याआधी त्या विक्रेत्या गृहस्थाने चहा मागवला, आपल्या मामांच्या रॅलीच्या आठवणी सांगितल्या, एक अल्बम उघडला आणि मग हळूच ताडपत्री सरकवली. पांढरी गाडी, दारावर काळ्या गोलात क्रमांक, समोर चार दिवे, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, डॅशबोर्डवर रिव्हेटने ठोकलेली पितळेची पट्टी. काही वेळ मी बोललोच नाही. गाडीतून एक उग्र वास येत होता. तो मला स्पष्ट जाणवला होता, पण गृहस्थांनी ‘रंगाला हात मारून घेतलाय’ एवढेच सांगितले आणि मी मान डोलावली.

कागद म्हणून त्याने जुने आरसी पुस्तक आणि कंपनीच्या नावाचे 1984 सालचे एक पत्र दाखवले. हस्तांतरणाविषयी विचारले तेव्हा ‘ही व्हिंटेज गाडी आहे, हिला पुन्हा नोंदणी लागत नाही’ असे उत्तर मिळाले. पुण्याचा एक संग्राहक सोमवारी येणार आहे, असेही तो म्हणाला. तो संग्राहक बहुधा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी सोमवारीच येत असावा. मी 60 हजार रुपये त्याच रात्री मोबाइलवरून पाठवले आणि उरलेले चार लाख रोख दिले. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे, हे मला माहीत होते. तो म्हणाला, दोन दिवसांत दोन हप्ते करू, आणि मी तेही मान्य केले. मुळात हप्ते पाडल्याने व्यवहार एकचा दोन होत नाही.

गाडी टेम्पोवरून घरी आली आणि आठ दिवसांनी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने बॉनेट उघडले, काळ्या रंगाने रंगवलेल्या इंजिनाकडे पाहिले, खिशातून चुंबक काढून ब्लॉकला लावला. तो टक्कन चिकटला. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मिस्त्रीने डिझेलचा बोळा फिरवून रंग पुसला आणि म्हणाला, “काका, हे पद्मिनीचं इंजिन आहे. टॅक्सीतलं.” दुहेरी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग) केवळ शोभेसाठी बसवले होते. त्यांतल्या एकाला पेट्रोलची नळीच जोडलेली नव्हती.

तरीही मला आशा होती, कारण अंग तर फायबरचे होते. शेवटी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या, फायबरच्या होड्या बांधणाऱ्या एका जुन्या कारागिराला घेऊन आलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आतल्या कोपऱ्यात नाक नेले आणि हसला. त्याचे म्हणणे असे, की फायबर चाळीस वर्षांचे असेल तर त्याला रेझिनचा, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचा, वास राहत नाही, आणि हा वास तर या पावसाळ्यातला आहे. मग त्याने चाकूने मागच्या चाकावरच्या कडेचा पांढरा रंग खरवडला. खालून आकाशी जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर, निघाला, होड्यांना आम्ही सर्रास पाहतो अगदी तोच. “सायब, ही बोनेट नि मागचा भाग साचा मारून काढलाय,” तो म्हणाला, “कुठल्यातरी होडीच्या शेडमधे. रंग उरला असंल तोच घातला.” मूळ डॉल्फिनची फक्त दोन दारे, काचा आणि चासीचा पुढचा भाग होता. चासीवरचा क्रमांकही ग्राइंडरने घासून नव्याने ठोकलेला होता. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, तर नव्या आकड्यांच्या आजूबाजूला घासल्याच्या तिरक्या रेघाही कागदावर उमटल्या.

त्यानंतर पत्र काढून वाचले. 1984 सालच्या त्या पत्रात शोलावरमचा उल्लेख ‘चेन्नईजवळील’ असा होता. शहराचे नाव मद्रासचे चेन्नई झाले 1996 मध्ये. आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटावे, याची मला सर्वाधिक लाज वाटते.

आरटीओत जाऊन विचारले तेव्हा उरलेले स्पष्ट झाले. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियम 2021 मध्ये आले खरे, पण ते पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या वाहनांपुरते आहेत. ऐंशीच्या दशकातली गाडी त्यात अजून बसूच शकत नाही. तिला साध्या खासगी गाडीप्रमाणे पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते आणि परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. चासी क्रमांकाचा पेन्सिल ठसा घेऊन मी पैसे देण्यापूर्वी त्या खिडकीशी गेलो असतो, तर एका सकाळीत काम झाले असते. मिस्त्री माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो. कारागीर तर फेरीबोटीला जाताना मला रस्त्यातच भेटला होता आणि ‘कुठं निघालात?’ असे त्याने विचारलेही होते. मी काही सांगितले नाही. हेवा वाटेल, दृष्ट लागेल, असे काहीतरी मनात होते.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. शेड त्याने गणपतीनंतर भाड्याने घेतली होती, आणि ज्या खात्यात 60 हजार गेले ते एका मजुराचे निघाले, ज्याला आपले खाते कोण वापरते याची पुरती कल्पना नव्हती. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार नोंदवली आहे. रोख दिलेल्या चार लाखांचा माझ्याकडे कसलाही पुरावा नाही, त्यामुळे तपासात मुख्य आधार त्या 60 हजारांचाच आहे.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने गाडीचे वर्णन लिहिताना रंगाच्या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिले. कारागीर तिथेच उभा होता. त्याच्या सांगण्यावरून ‘वरून पांढरा, आतून आकाशी’ असे लिहिले गेले आणि पंच म्हणून त्याने खाली सही केली.