पावसाळी घाट की तांबडी माती: ड्युअल स्पोर्ट बाइकला टायर निवडताना

रॉयल एनफील्डची हिमालयन किंवा हिरोची एक्सपल्स, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारी ड्युअल स्पोर्ट बाइक, घेऊन बारा-पंधरा हजार किलोमीटर झाले की एक दिवस लक्षात येतं, मागचा टायर मधोमध सपाट झालाय. कडेची बटणं, म्हणजे रबराचे उंचवटे, अजून कोरी आहेत, कारण आपण बाइक तेवढी झुकवतच नाही. मधली पट्टी मात्र पुणे-कोल्हापूर हायवेने खाल्लेली. नवा टायर घ्यायला जाण्याआधी हा जुना टायर नीट बघून घ्या. आपली गाडी खरी कुठे फिरली ते त्यावर दिसतं, आणि दुकानात उभं राहिल्यावर ते विसरायला होतं. तिथे प्रत्येकाला वाटतं की यापुढे आपण फक्त रानावनातच जाणार. मलाही वाटलं होतं.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली कंपनीतून येते ती. आपल्याकडच्या हिमालयन ४११ वर सिएटचा ग्रिप एक्सएल येत असे. बटणं रुंद, खाचा अरुंद, डांबराला टेकणारं रबर भरपूर. पिरेलीचा एमटी ६० याच घरातला. दुसरी मधली जात, अर्धं डांबर नि अर्धी माती, जशी मितासची ई-०७. तिसरी खरी नॉबी: उंच, सुटी सुटी बटणं आणि मध्ये बोट जाईल एवढी फट. कॉन्टिनेंटलचा टीकेसी ८० हे तिचं जगभर ओळखलं जाणारं उदाहरण. हिरोच्या रॅली किटमध्ये एक्सपल्ससाठी मॅक्सिसचे टायर मिळायचे, तेही याच वळणाचे. लेबलवर किंवा वेबसाइटवर ८०:२०, ५०:५०, ४०:६० असे आकडे दिसतात, आधी डांबर, मग माती. ते कोणत्याही सरकारी चाचणीतून आलेले नाहीत. टायर कशासाठी बनवलाय याचा कंपनीने स्वतःच दिलेला तो अंदाज असतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे ५०:५० वाले टायर शेजारी ठेवले तर बटणांमधल्या फटी सारख्या असतीलच असं नाही. आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

ओलं डांबर

आपल्याकडे निवड इथेच ठरते असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशी परीक्षणं वाचून आपण चिखल, वाळू, खडी यांचीच चिंता करतो. महाराष्ट्रात पावसाळी भटकंती करणाऱ्याची गाडी ताम्हिणी, वरंध, आंबा, कुंभार्ली अशा घाटांत फिरते. तिथे खरी भीती चिखलाची नसते. ती असते ओल्या डांबराची, शेवाळलेल्या काँक्रीटची आणि एसटीने सांडलेल्या डिझेलची.

नॉबी टायर डांबरावर फक्त बटणांच्या माथ्यावर उभा असतो. टेकणारं रबर कमी, त्यात जोरात ब्रेक लावला की प्रत्येक बटण मुळापासून वाकतं. कोरड्या रस्त्यावर हे नुसतं विचित्र वाटतं, जणू चाकाखाली जाड गालिचा आहे. ओल्यात तेच वाकणं घसरण्यात बदलतं. मी एका जुलैत पुढे-मागे दोन्हीकडे नॉबी टाकून फिरत होतो. पानशेतच्या बाजूला एका गावाआधी काँक्रीटचा उतार आहे, वर झाडांची सावली, त्यामुळे कडेने हिरवी साय धरलेली. वेग विसाच्याही आत होता. पुढचा ब्रेक हलकासा दाबला आणि मी आडवा. क्लच लिव्हर तुटला, हँडगार्डला खरचटलं, आणि शेजारच्या गोठ्यातून बाहेर आलेल्या आजी म्हणाल्या, "इथं रोज एकजण पडतो." खरं सांगायचं तर शेवाळावर कोणताही टायर धरत नाही. पण त्याच दिवशी माझ्या मागून साध्या टायरवर आलेला मित्र तोच उतार पाय न टेकता उतरला.

मधल्या जातीचा टायर इथे बराच सुसह्य असतो, पण कंपनीच्या टायरएवढा नाही. रबर किती मऊ आहे यावरही पुष्कळ अवलंबून. जास्त चालावा म्हणून बनवलेला कडक टायर ओल्यात त्रास देतोच, मग त्याची नक्षी कितीही देखणी असो.

माती, पण कोणती?

मुळशी-वेल्ह्याकडची तांबडी माती ओली झाली की वर साबणासारखी आणि खाली घट्ट असते. इथे बटणांना काम मिळतं. ती वरचा थर कापून खालच्या घट्ट मातीत रुततात. कंपनीचा टायर पाच मिनिटांत खाचा भरून गुळगुळीत होतो आणि मागचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. चढ असेल तर गंमत संपलीच. या मातीत नॉबी आणि साधा टायर यांच्यातला फरक वर्णन करण्यासारखा नाही, तो एकदा अनुभवावा लागतो.

काळ्या मातीत मात्र हे गणित चालत नाही. सोलापूर, लातूर, परभणीकडच्या शेतरस्त्यावर पाऊस पडून गेला की माती चाकाला थरावर थर चिकटते. नॉबी स्वतःला थोडा साफ करतो एवढंच. हिमालयनला पुढे चाकालगत खालचा मडगार्ड आहे, त्यात माती भरली की चाक जाम होतं. एक्सपल्सचा मडगार्ड उंच, म्हणून ती गाडी इथे जास्त वेळ तग धरते. काळ्या रानात जायचं असेल तर टायरवर पैसे घालवण्याऐवजी दोन दिवस ऊन पडू द्यावं.

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर कोरड्या दिवसांत साधा टायरही मजेत चालतो. खडीवर मधला टायर पुरतो.

मापं आणि बाजूचे आकडे

हिमालयन ४११ ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ लागतो (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). नंतरच्या हिमालयन ४५० ला पुढचा तोच, पण मागे १४०/८० आर १७, म्हणजे रुंद आणि रेडियल. दुकानात जाऊन "हिमालयनचा मागचा द्या" म्हटलं तर घोळ होणारच. एक्सपल्स २०० ला मागे १२०/८०-१८. पुढे एकवीस, मागे अठरा इंच ही जोडी जगभर एन्ड्युरो, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या, गाड्यांची, त्यामुळे खऱ्या मातीच्या टायरांत एक्सपल्सवाल्याला निवड जास्त मिळते. सतरा इंचात हायवेचे टायर ढीगभर आहेत, मातीचे कमी.

४११ वर १३०/८०-१७ चढवणारे बरेच आहेत. त्या टायरचा व्यास मूळच्यापेक्षा साधारण ८ मिलिमीटरने कमी भरतो, तेवढं चालून जातं. त्याहून रुंद टाकायचा मोह आवरा. रिम तेवढी रुंद नसली की टायर चिमटल्यासारखा होऊन त्याचा आकार बदलतो, आणि चेनला घासण्याची भीती वेगळीच.

बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २४२३ असेल तर टायर २०२३ सालच्या २४व्या आठवड्यातला. मातीचे टायर आपल्याकडे रोज खपत नाहीत, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला जुना माल "सवलतीत" मिळण्याची शक्यता इथे जास्त. शिक्का न बघता पैसे देऊ नका.

ट्यूब

४११ आणि एक्सपल्सच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असते. म्हणजे पंक्चर झाल्यावर चाक काढा, टायर उचकटा, ट्यूब बाहेर ओढा. नॉबीची कड जाड नि ताठ असते. गावातल्या पंक्चरवाल्याच्या लहान पहारीने ती उचलताना नवीच ट्यूब चिमटली गेलेली मी दोनदा पाहिली आहे. ४११ ला मेन स्टँड आहे हे तेव्हा वरदान वाटतं. जो टायर घ्याल तो घरी एकदा स्वतः काढून घालून बघा. अंगणात दीड तास लागला तर घाटात तीन लागतील असं धरा.

मातीत हवा कमी केली की कोणताही टायर सुधारतो. अनेकांना नव्या टायरची गरज नसते, हवेचा गेज पुरतो. पुढे-मागे २० पीएसआयच्या आसपास आणलं तर कंपनीचा टायरही तांबड्या मातीत बऱ्यापैकी धरतो. पण ट्यूब असताना फार खाली जाऊ नका. दगडावर आदळलं की रिम ट्यूबला चावते आणि दोन शेजारी शेजारी भोकं पडतात. डांबराला लागल्यावर हवा परत भरायची, म्हणून छोटा पंप सोबत हवाच.

लडाखला जायचंय म्हणून

दर एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न येतो. पुण्याहून मनालीमार्गे लेह, जाऊन-येऊन हिशेब पाच हजार किलोमीटरच्या आसपास जातो. त्यात खरा कच्चा रस्ता, नाले आणि हुंदरची वाळू मिळून काहीशे किलोमीटर भरतील. माझा मागचा नॉबी पाच हजारांच्या आत मधोमध संपला होता. म्हणजे राजस्थान-हरियाणाच्या हायवेवर बटणं झिजवायची आणि लेहला सपाट टायर घेऊन पोचायचं. गाडी रेल्वेने चंदीगडला पाठवणाऱ्याची गोष्ट निराळी. चालवत जाणाऱ्याने कंपनीचा नवा किंवा मधला टायर टाकावा. झांस्कर-स्पितीतच महिनाभर राहणार असाल तर मात्र नॉबीचा विचार करा.

विदेशी टायरांबद्दल एक गोष्ट. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, आयातीला परवाना लागू लागला. तेव्हापासून बाहेरच्या टायरांचं आज आहे उद्या नाही असं चाललंय. आवडलेला टायर मिळाला तरी पुढच्या वर्षी त्याच मापाचा मिळेल या भरवशावर राहू नये. देशी टायर परभणीतही मिळतो, याचं मोल फाटक्या टायरसह रस्त्यात उभं राहिल्यावर कळतं.

मग घ्यायचा कोणता?

रोज ऑफिस, महिन्यातून एक घाट, वर्षातून एक मोठी सहल: कंपनीचाच टायर पुन्हा घ्या आणि उरलेल्या पैशांत पंप, पहारी आणि जाड ट्यूब. दर शनिवार-रविवारी मातीतच लोळणारा एक्सपल्सवाला असाल तर नॉबी, आणि पावसाळ्यात डांबरावर सासरी गेल्यासारखं जपून वागायचं. मधल्या लोकांसाठी मधली जात, पण तिथेही एक मार्ग आहे जो दुकानदार सहसा सुचवत नाहीत: पुढे-मागे वेगळा टायर. मातीत मागचं चाक सरकलं तर गाडी सावरता येते, पुढचं सरकलं की आपण खाली. पुढचा टायर झिजतोही सावकाश. म्हणून माती जास्त असेल तर पुढे जास्त बटणांचा आणि मागे टिकाऊ मधला. यात ओल्या घाटात पुढचा ब्रेक थोडा बिघडतो, आणि पडल्यापासून मला ते परवडत नाही.

सध्या माझ्या ४११ वर दोन्हीकडे मधलाच आहे, पुढे २१ महिन्यांचा, मागे नवा. मागच्याची मधली पट्टी आताच चपटी दिसू लागली आहे. कोल्हापूरला सासर आहे, काय करणार.