हेड गॅसकेट गेलंय सांगून 22 हजार घेतले, खराब होता फक्त फॅनचा रिले

घोडबंदरवरून रोज जाणाऱ्यांनी हे वाचाच, माझे पैसे गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जुलैमधला रविवार, संध्याकाळी आई-बाबांना बोरिवलीहून ठाण्याला घेऊन येत होतो. गायमुखच्या चढावर नेहमीचा जाम, पाऊण तास गाडी मुंगीच्या पावलाने, आणि टेम्परेचरचा काटा बघता बघता लालमध्ये गेला. बाजूला घेतली तर बॉनेटखालून वाफ. नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी, पण आधी कधीच असा त्रास नाही. पाचच मिनिटांत एक बाईकवाला थांबला, "साहेब, इंजिन बंद ठेवा नाहीतर सीझ होईल, पुढे आपल्या ओळखीचं गॅरेज आहे, टोचन करून नेऊ". बाहेर पाऊस, बाबांना शुगर, त्यांची जेवायची वेळ होत आलेली, मी हो म्हटलं.

गॅरेजवाला बोलायला एकदम गोड. इंजिन थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून पाणी भरलं, गाडी चालू केली आणि मला जवळ बोलावून दाखवलं, "हे बघा बुडबुडे, कॉम्प्रेशन पाण्यात येतंय, हेड गॅसकेट गेलंय", म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. बुडबुडे खरंच येत होते. मग मागे नेऊन सायलेन्सरमधला पांढरा धूर दाखवला, "पाणी जळतंय, हेड उतरवून फेसिंग करावं लागेल", म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करायचा. सगळं डोळ्यासमोर दिसत असताना मी काय बोलणार? 30 सांगितले, 22 वर आला. 10 यूपीआय, बाकी कॅश. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, आणि मी राहू दे म्हटलं, तिथेच चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी रात्री गाडी मिळाली. रस्ता मोकळा, काटा उलट नेहमीपेक्षा खालीच, मला वाटलं काम चांगलं झालं. बुधवारी सकाळी कापूरबावडीच्या जाममध्ये काटा परत लालकडे.

मग वागळे इस्टेटला बाबांच्या ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांचा पहिला प्रश्न, "उभी असताना तापते की पळताना?" म्हटलं उभी असताना. म्हणाले मग आधी फॅन बघू. एसी लावला की रेडिएटरचा फॅन फिरायला हवा, तो हललाच नाही. काकांनी मोटरचा कनेक्टर काढून बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली तर भर्रकन फिरला, फ्यूजही ठीक. मग हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून फॅनच्या रिलेच्या जागी बसवला, आमच्या गाडीत दोन्ही सारखेच आहेत, आणि फॅन चालू! जुना रिले त्यांनी माझ्या हातावर ठेवला, एक पाय काळाठिक्कर, बाजूचं प्लास्टिक वितळून फुगलेलं. नवीन 250 रुपयांना आला.

आठवडाभर आधीपासून सिग्नलला एसी गार हवा देत नव्हता आणि गाडी पळायला लागली की परत गार व्हायचा, ही त्याचीच खूण होती. पळत्या गाडीत समोरून वारा लागतो म्हणून रेडिएटर थंड राहतो, जाममध्ये सगळा भार फॅनवर.

पुढचं बघून मात्र माझं डोकंच फिरलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, बोल्टवर नऊ वर्षांचा तेलकट काळा मळ जसाच्या तसा, पाना लागल्याचा एक ओरखडा नाही. ते कव्हर काढल्याशिवाय हेड उतरतच नाही. म्हणजे हेड कोणी उघडलंच नव्हतं! उलट थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकलेला, म्हणून काटा खाली दिसत होता, आणि कूलंटच्या जागी नुसतं साधं पाणी. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो, तो नसला तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसं तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जातं. साध्या पाण्याने आतून गंज धरतो तो वेगळाच.

आणि ते बुडबुडे? पाणी कमी झालेल्या सिस्टीममध्ये नवीन भरलं की अडकलेली हवा बाहेर येणारच, थोड्या वेळाने थांबते. पावसाळ्यात गार इंजिन चालू केलं की सायलेन्सरमधून पांढरी वाफही येते. गॅसकेट खरंच गेलं असेल तर हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नाहीत, पाणी सारखं कमी होत राहतं, बऱ्याचदा डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. शिवाय निळ्या लिक्विडची टेस्ट असते, रेडिएटरमधला गॅस त्यातून जाऊ द्यायचा, पिवळं झालं तर गॅसकेटवर संशय पक्का. ही टेस्ट केल्याशिवाय कोणालाही हेडला हात लावू देऊ नका आणि काढलेला पार्ट परत मागा. मी नंतर जाऊन जुनं गॅसकेट मागितलं तर भंगारात गेलं म्हणाला, बोल्टचे फोटो दाखवले तर "साहेब, पुसून बसवलेत" म्हणून उठून आत गेला.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केली आहे, यूपीआयची पावती आणि काकांनी काढलेले फोटो जोडलेत. बिल नाही म्हणून जड जातंय पण सोडणार नाही.

परवा गायमुखला परत जाम होता, तोच बाईकवाला एका उघड्या बॉनेटपाशी उभा दिसला. मी गाडी बाजूला लावून गेलो, त्या ताईंना म्हटलं, रेडिएटरच्या झाकणाला अजिबात हात लावू नका, इंजिन पूर्ण थंड होऊ दे, मग पाणी बघून गाडी चालू करा, एसी लावा आणि लांबूनच बघा फॅन फिरतोय का.