भाजे ठरलंय; जोडीला कार्ले की बेडसे?

मावळातली लेणी एका दिवसात बघायची म्हटल्यावर भाजे यादीत असतंच, त्यावर वाद नाही. प्रश्न उरलेल्या अर्ध्या दिवसाचा: तो कार्ल्याला द्यायचा की बेडशाला? एका दिवसात तिन्ही उरकणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. माझं तरी तिसऱ्या लेण्यात पोचेपर्यंत खांबांकडे लक्ष राहत नाही, टेकायला जागा कुठे मिळेल तेवढंच बघत असतो. म्हणून दोनच धरून चालतो.

नुसत्या मापांवर गेलं तर कार्ल्यापुढे बेडसे उभंच राहू शकत नाही. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, 124 फूट लांब, भारतातल्या कोरीव चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठं. छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. स्तूपावरचं छत्रही लाकडाचंच. खांबांवर ज्याने पैसे दिले त्याचं नाव, आणि त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक, बरेच. वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे सावकाराने, तर ओसरीत कोरूनच ठेवलंय की हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आहे. स्वतःच्या कामाची जाहिरातच ती, पण आत शिरल्यावर खोटी म्हणवत नाही.

बेडशाचं चैत्यगृह आकाराने बरंच लहान. फासळ्या तिथेही होत्या, आता एकही उरलेली नाही. आतले खांब साधे अष्टकोनी, वर कोरीव काम नाही. म्हणजे आतल्या बाजूचा सामना कार्ल्याने केव्हाच जिंकला.

तरीही हल्ली कुणी विचारलं की माझ्या तोंडून बेडसे निघतं, आणि त्याचं कारण ऐकलं तर हसाल: शिट्ट्या.

कार्ल्याच्या चैत्यात आवाज घुमतो. आत येणाऱ्याला दोन पावलांत ते कळतं आणि मग राहवत नाही. कुणी टाळी वाजवून बघतं, कुणी मित्राला हाक मारतं, पोरं शिट्ट्या मारतात. फासळ्या नीट दिसायला स्तूपापाशी जाऊन दहाएक मिनिटं मान वर करून उभं राहावं लागतं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे अंधाराला सरावायलाच तेवढा वेळ जातो. त्या दहा मिनिटांत निदान एक तरी शिट्टी येतेच. मग रखवालदार त्यांना गप्प करायला आपली शिट्टी फुंकतो, आणि सगळ्यांत जास्त वेळ घुमत राहते ती त्याचीच. सुट्टीच्या दिवशी हे अखंड चालतं. मी आडवारीही गेलोय. फरक पडतो, पण सहल आलेली असली की तोही नाही.

कार्ल्याला एकवीरेच्या देवळात येणाऱ्या भाविकांबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट सांगतो. कोळी-आगरी मंडळींची ती आई, ते तिच्यासाठी येतात. आपण खांब मोजायला येतो, तेव्हा रांगेला नाक मुरडायचा हक्क आपल्याला नाही. ‘आई माउलीचा उदो उदो’ त्या जागी शोभतोही. फक्त देऊळ चैत्याच्या दाराशी अगदी लगटून आहे. डावीकडे सिंहस्तंभ दिसतो, उजवीकडे त्याच्या जोडीचा असावा तिथे आता मंदिर आहे. त्यामुळे चार पावलं मागे सरून अख्खा दर्शनी भाग नजरेत घ्यायचा म्हटलं तर जागा मिळत नाही. मागे रांग असते, बाजूला हार-नारळ. चैत्री यात्रेच्या आसपास तर लेणी बघायचा विचारही करू नये.

बेडशात दर्शनी भाग पाहायची तऱ्हाच निराळी. समोरचा कातळ कोरणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना तसाच सोडलाय. मधल्या चिंचोळ्या बोळातून आत सरकलं की एकदम पंचवीसेक फुटी खांब अंगावर येतात. चारच खांब, त्यातले कडेचे दोन भिंतीत अर्धे बुडालेले. वर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. मान दुखेपर्यंत बघा, कुणी ‘जरा सरका’ म्हणत नाही. ओसरीतल्या खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं दान कोरलंय. शेजारचा विहार, म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं लेणं, तर मागच्या बाजूने अर्धगोल, छत चैत्यासारखं कमानदार आणि कडेने खोल्या. विहाराला अशी घडण क्वचितच दिसते. जाताना पाण्याची पोढी, म्हणजे कातळातलं टाकं, चुकवू नका. तिच्यावरच्या लेखात महाभोज पदवीच्या सरदाराची मुलगी, महारठिनी (महारठी सरदाराची बायको) सामडिनिका, हिचं नाव आहे. बाईने पाण्याची सोय करून दिली आणि आपलं नाव लिहून ठेवलं, मला हे फार आवडतं.

गैरसोयी आहेतच. बेडशाला कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याने आत जावं लागतं. स्वतःची गाडी नसेल तर रिक्षा ठरवा, आणि परतीचं आधी बोलून घ्या. पायऱ्या चारशेच्या घरात, बांधलेल्या आहेत पण सावली बेताची. वर चहा-सरबत काही नाही, पाणी खालूनच न्यायचं. कार्ल्याला निम्म्या डोंगरापर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्यांवर पेढ्यांपासून लिंबूसोड्यापर्यंत सगळं मिळतं. लोकलने येणाऱ्यांना तर कार्ले-भाजे सरळच सोयीचं, मळवलीला उतरलं की एक या अंगाला, दुसरं त्या अंगाला. घरातली ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, किंवा पाहुणे पहिल्यांदाच येताहेत आणि पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, तर कार्लेच दाखवा. फासळ्या न दाखवता त्यांना परत पाठवणं बरं नाही. आडवार गाठा आणि सकाळी लवकर पोचा, एवढंच.

बाकीच्यांसाठी उन्हाचा हिशेबही बेडशाच्या बाजूने पडतो. बेडसे पूर्वाभिमुख, त्यामुळे सकाळी खांबांवर थेट ऊन असतं आणि वरची जोडपी दागिन्यांसकट दिसतात. भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहे, ते दुपारनंतर उजळतं. फासळ्यांची हौस तिथेही भागते, भाज्याच्या छतालाही लाकूड टिकून आहे. आठच्या सुमारास बेडशाच्या पायऱ्या चढायला लागा, जेवण कामशेतला उरका आणि तीनच्या आत भाज्याला पोचा. पावसाळ्यातला शनिवार-रविवार मात्र टाळा. धबधब्याला आणि लोहगडाला निघालेल्या गाड्यांमुळे भाजे गावातला रस्ता तेव्हा पार तुंबलेला असतो.