अंगावरचं पित्त: लिव्होसेट्रिझिन की बिलास्टिन?

सहा आठवडे उलटले तरी रोज संध्याकाळी अंगावर गांधी उठतातच, आमसुलाचं पाणी लावून तेवढ्यापुरतं गार वाटतं, सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. इथवर आलेल्यांसाठी लिहितोय. डॉक्टरांनी मला आधी लिव्होसेट्रिझिन दिली, वर्षभराने बिलास्टिन. ॲलर्जीवरच्या या दोन्ही गोळ्या बरेच महिने घेऊन झाल्या आहेत.

खाजेचं म्हणाल तर मला दोन्हींत फार फरक जाणवला नाही. उलट लिव्होसेट्रिझिन जरा लवकर लागू पडायची. रात्री नऊला गोळी घेतली की दहापर्यंत पट्ट्याखालच्या लालबुंद गांधी बसायला लागायच्या. शिवाय ती स्वस्त. खाजेने रात्र रात्र जागणाऱ्याला तिची गुंगी सोयीचीच वाटेल.

माझं अडलं ते सकाळी. शाळा सव्वासातची. उठायचो, आंघोळ व्हायची, पण डोकं दहा वाजेपर्यंत जड. एकदा उत्तरपत्रिकेत १४ आणि ९ ची बेरीज मी २१ लिहिली. मुलगा पेपर घेऊन आला, हळूच म्हणाला, "सर, दोन मार्क राहिलेत." त्याला मार्क दिले, पण बाकीचा गठ्ठा घरी आणून पुन्हा मोजला. त्याच आठवड्यात रेल्वे फाटकाशी स्कूटरवर थांबलो असताना माझा डोळा लागला. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा जाग आली. त्या दिवशी खरंच घाबरलो.

बिलास्टिनवर माझ्यापुरतं ते जडपण गेलं. तिचा जाच वेगळा: २० मिलिग्रॅमची गोळी खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी घ्यायची, फळांचा रसही त्या वेळात चालत नाही. मी साडेपाचला घेतो आणि चहासाठी साडेसहापर्यंत थांबतो. पहिले काही दिवस जड गेलं. औषधाचा खर्चही वाढला.

अर्थात लिव्होसेट्रिझिनने अजिबात न पेंगणारी माणसंही आहेत, आणि बिलास्टिनने क्वचित कुणाला झोप येते. पण कुठलीही घ्या, गांधी उठल्या की मगच, असं नको; रोज ठरल्या वेळी घ्या. मला हे उशिरा कळलं. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत नेऊ शकतात, पुढे दर चार आठवड्यांनी ओमालिझुमॅबचं इंजेक्शनही असतं. मात्रा मनाने मात्र वाढवू नका. डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही सहज घेऊ नका, अनेकांचं पित्त त्याने उसळतं. जीभ सुजली किंवा श्वास लागला तर गोळीची वाट न पाहता थेट दवाखाना.

जेवणाखाण्याच्या वेळा हातात नसतील, किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. पण सकाळी गाडी चालवायची असेल, तर बिलास्टिनचं नक्की विचारा.