मेव्हन, ग्रेडल की बेझल: टेस्ट पडल्यावर हाती काय लागतं

बिल्ड टूल, म्हणजे कोड जुळवून त्याच्या टेस्ट चालवणारं टूल, निवडताना तुलना होते ती बहुतेक वेगाची. कुणाची कॅश (आधीचं काम साठवून पुन्हा वापरण्याची सोय) चांगली, पहिली बिल्ड किती मिनिटांत होते, वगैरे. पण टीमचा वेळ खरा खर्ची पडतो तो कुठली टेस्ट पडली आणि का पडली हे शोधण्यात. म्हणून इथे तिन्ही टूल एकाच कसोटीवर घासून पाहिली आहेत: टेस्ट पडली की कन्सोलवर काय दिसतं, डिस्कवर काय उरतं, आणि सीआयचं (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचं) मशीन पुसलं गेल्यावर त्यातलं काय वाचतं.

निर्णयाआधी एक छोटा प्रयोग कराच. बिलाची रक्कम तपासणाऱ्या जेयुनिट (जावाची टेस्ट लायब्ररी) टेस्टमध्ये मुद्दाम चूक घाला: अपेक्षित ११८०, येतात ११७९. त्याच टेस्टमधून एक ओळ कन्सोलवर छापा. एकही सेटिंग न बदलता ती तिन्हीकडे चालवा.

मेव्हन तिघांत बोलकं. छापलेली ओळ जशीच्या तशी पडद्यावर येते. मागोमाग त्या क्लासच्या किती टेस्ट चालल्या, किती पडल्या, किती वगळल्या आणि किती सेकंद लागले याची ओळ, आणि खाली पूर्ण संदेश, ११८० आणि ११७९ या दोन्ही आकड्यांसह. शेवटी ‘रिझल्ट्स’ या मथळ्याखाली पडलेल्या टेस्टची यादी पुन्हा एकदा येते. लॉगची नुसती शेपटी पाहिली तरी कारण कळतं.

ग्रेडलमध्ये छापलेली ओळ दिसतच नाही. क्लासचं नाव, मेथडचं नाव, ‘फेल्ड’. खाली एक्सेप्शनचा प्रकार, फाइल आणि ओळ क्रमांक. ११८० नाही, ११७९ही नाही. शेवटी एचटीएमएल रिपोर्टचा पत्ता. स्वतःच्या मशीनवर तो पत्ता क्लिक केला की सगळं समोर येतं. सीआयच्या लॉगमध्ये तो पत्ता कधीच पुसल्या गेलेल्या डिस्कचा असतो.

बेझल सगळ्यात अबोल. टार्गेटचं (बेझल एकत्र चालवतं त्या टेस्टच्या गटाचं) नाव, ‘फेल्ड’, लागलेला वेळ आणि टेस्ट.लॉग फाइलचा पत्ता. बस.

एवढ्यावर निवड करू नका, कारण हे चित्र प्रत्येक ठिकाणी चार-पाच ओळींत बदलता येतं. बघायचं ते हे, की बदलल्यावर काय सुधारतं आणि मग नवं काय दुखायला लागतं.

मेव्हन

बोलकेपणाचा त्रास टेस्ट वाढल्या की कळतो. प्रत्येक टेस्ट फ्रेमवर्कचे लॉग ओकायला लागली की कन्सोल हजारो ओळींचा होतो. टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनमध्ये ‘रीडायरेक्ट टेस्ट आउटपुट टू फाइल’ हा पर्याय असतो; तो ट्रू केला की प्रत्येक क्लासचं आउटपुट टार्गेट फोल्डरातल्या शुअरफायर-रिपोर्ट्समध्ये, नावाशेवटी ‘-आउटपुट’ लागलेल्या वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये जातं. कन्सोलवर निकाल आणि संदेश तेवढे राहतात. मोठ्या प्रोजेक्टला हे पहिल्या दिवसापासून करावं, फक्त त्या फाइल सीआयवर जपून ठेवण्याची सोय त्याच दिवशी करा.

डिपेन्डन्सी डाउनलोड होताना सरकणारी टक्केवारी हा दुसरा कचरा. मेव्हन ३.६.१ पासून ‘--नो-ट्रान्सफर-प्रोग्रेस’ आहे. सीआयवर तो बॅच मोडसोबत कायम द्यावा. शुअरफायरच्या २.x आवृत्त्यांवर अजून असाल तर ‘ट्रिम स्टॅक ट्रेस’ फॉल्स करा. तिथे तो मुळात ट्रू असल्यामुळे स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या ओळींतून आली त्यांची यादी) छाटून येतो आणि नेमकी हवी ती, आतल्या लायब्ररीतली ओळ गायब असते.

मेव्हनचं खरं दुखणं समांतर बिल्डमध्ये आहे. चार मॉड्यूल (प्रोजेक्टचे वेगळे भाग) एकाच वेळी चालवली की चौघांच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि कुठली तक्रार कुणाची हे लावत बसावं लागतं. ग्रेडल प्रत्येक टास्कचं आउटपुट त्याच्या नावाखाली एकत्र बांधून दाखवतं. रोज समांतर बिल्ड चालवणार असाल आणि लॉग माणसं वाचणार असतील तर या एका मुद्द्यावर ग्रेडल सरळ वरचढ आहे.

दुसरं दुखणं कमी लोकांना माहीत असतं. शुअरफायर टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये (जावा कोड चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) चालवतं आणि मूळ मेव्हन तिच्याशी, मुळात, त्या जेव्हीएमच्या स्टँडर्ड आउटपुटवरूनच बोलतं. एखादी नेटिव्ह लायब्ररी किंवा एजंट तिथे परस्पर काही लिहू लागला की ‘करप्टेड चॅनल’ची वॉर्निंग येते आणि घुसलेला मजकूर रिपोर्टच्या फोल्डरात .डम्पस्ट्रीम फाइलमध्ये पडतो. ती फाइल उघडून वाचा. गुन्हेगार कोण हे बहुतेक वेळा पहिल्या काही ओळींतच कळतं. ३.०.०-एम५ पासून हा संवाद टीसीपीवरून करण्याची सोय आहे, त्यासाठी प्लगइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये फोर्क-नोड बदलावा लागतो. ‘फोर्क्ड व्हीएम टर्मिनेटेड विदाऊट प्रॉपर्ली सेइंग गुडबाय’ हा संदेश मात्र वेगळा आजार आहे: जेव्हीएम कोसळली, कुणीतरी सिस्टिम.एक्झिट बोलावलं, किंवा मेमरी संपली म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेस मारली.

एचटीएमएल रिपोर्ट मेव्हन आपणहून देत नाही. शुअरफायर-रिपोर्ट हे वेगळं प्लगइन लागतं. त्यात ‘रिपोर्ट’ हे गोल टेस्ट पुन्हा चालवतं, ‘रिपोर्ट-ओन्ली’ आहे त्या एक्सएमएलवरून (सीआय वाचतं त्या निकालाच्या फाइलवरून) पान बनवतं. सीआयवर दुसरंच वापरा. आणि फेलसेफ या प्लगइनवर इंटिग्रेशन टेस्ट असतील तर मेव्हनला नेहमी ‘व्हेरिफाय’पर्यंत न्या. ‘इंटिग्रेशन-टेस्ट’ फेजवर थांबलात तर टेस्ट पडूनही बिल्ड हिरवी राहते, कारण निकाल तपासण्याचं काम व्हेरिफायमध्ये होतं.

ग्रेडल

ग्रेडलला बोलतं करायला टेस्ट टास्कमधला ‘टेस्टलॉगिंग’ ब्लॉक लागतो. त्यात इव्हेंट्स ‘फेल्ड’ आणि ‘स्किप्ड’ ठेवा आणि एक्सेप्शन फॉरमॅट ‘फुल’ करा. या दोन ओळींनी ११८० आणि ११७९ कन्सोलवर येतात. नेहमीच्या लॉग लेव्हलला फॉरमॅट ‘शॉर्ट’ असतो, आणि शॉर्टमध्ये संदेशच नसतो. नव्याने आलेल्यांचा पहिला वैताग हाच. ‘--इन्फो’ देऊनही संदेश दिसतो, पण त्यासोबत कॅश आणि टास्कच्या बारीकसारीक ओळींचा पूर येतो, म्हणून सेटिंगच बरी. ‘पास्ड’ इव्हेंट चालू करायचा मोह टाळा. तीन हजार टेस्ट म्हणजे तीन हजार ओळी, मधल्या रिकाम्या ओळी वेगळ्याच.

रिपोर्टमध्ये मात्र ग्रेडल मुळातच पुढे आहे. कुठलंही प्लगइन न लावता बिल्ड फोल्डरातल्या रिपोर्ट्समध्ये एचटीएमएल आणि टेस्ट-रिझल्ट्समध्ये एक्सएमएल तयार होतं. एक खोच आहे: एक्सएमएलमध्ये आउटपुट क्लासच्या पातळीवर एकगठ्ठा पडतं, त्यामुळे पंधरा मेथड असतील तर कुठली ओळ कुणाची ते कळत नाही. ‘आउटपुट पर टेस्ट केस’ ट्रू केलं की प्रत्येक मेथडचं आउटपुट तिच्यापाशी राहतं.

अनेक मॉड्यूलचा एकत्र रिपोर्ट हवा असेल तर ७.४ पासून त्यासाठी टेस्ट-रिपोर्ट-अ‍ॅग्रिगेशन प्लगइन आहे. सोबत ‘--कंटिन्यू’ द्या, नाहीतर पहिल्या मॉड्यूलची टेस्ट पडली की पुढचं काम तिथेच थांबतं. मेव्हनही असंच पहिल्या पडझडीला थांबतं. तिथे ‘फेल अ‍ॅट एंड’ सांगावं लागतं. बेझलमध्ये उलट आहे: एक टेस्ट पडली तरी बाकीच्या आपोआप चालतात.

बेझल

‘टेस्ट आउटपुट’ या पर्यायाला चार किमती आहेत. मुळात ‘समरी’ असते. ‘एरर्स’ केलं की पडलेल्या टेस्टचा पूर्ण लॉग कन्सोलवर येतो. ही ओळ .बेझलआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमची टाका. ‘ऑल’ क्वचितच लागतं. ‘स्ट्रीम्ड’ जपून वापरा, कारण त्याने टेस्ट एकामागून एक, स्थानिक मशीनवरच चालतात. एखादी अडकलेली टेस्ट डोळ्यांदेखत बघायला उत्तम, सीआयवर आत्मघात.

बेझलचा मुख्य कमकुवत दुवा म्हणजे टेस्ट.एक्सएमएल. टेस्ट रनरने (टेस्ट प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामने) स्वतः तपशीलवार एक्सएमएल लिहिलं नाही तर बेझल एक साधं एक्सएमएल बनवतं, ज्यात संपूर्ण टार्गेट म्हणजे एकच टेस्ट आणि आत सगळा लॉग. मग चाळीस मेथड असलेलं टार्गेट सीआयच्या तक्त्यात एकच ओळ होऊन बसतं. आपल्या भाषेचा रनर एक्सएमएल लिहितो का, हे बेझल घेण्याआधी तपासण्याची पहिली गोष्ट. शिवाय बेझल-टेस्टलॉग्स ही सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डराकडे नुसतं बोट दाखवणारी लिंक, आहे. ती न उलगडता उचललीत तर हाती रिकामी लिंक येते. फाइल आधी साध्या फोल्डरात कॉपी करा आणि मग जपा.

जुने रिपोर्ट

इथे दोन टूल अगदी उलट्या दिशेने फसवतात. मेव्हनमध्ये टेस्ट क्लासचं नाव बदललं आणि ‘क्लीन’ केलं नाही, तर जुन्या नावाचं एक्सएमएल तसंच राहतं आणि सीआय ते आनंदाने मोजतं. कधीच हटवलेल्या टेस्ट आठवडाभर पास होताना दिसतात. ग्रेडल टास्क पुन्हा चालताना जुनं एक्सएमएल काढून टाकतं, पण इनपुट बदलले नसतील तर टास्क चालतच नाही. निकाल बरोबर असतो, फक्त फाइलची वेळ जुनी. जेनकिन्स (एक सीआय सर्व्हर) मग ‘रिपोर्ट सापडले, पण एकही नवा नाही’ म्हणून अडतो. त्यासाठी क्लीन करून कॅश वाया घालवू नका. टेस्ट खरंच पुन्हा हवी असेल तर ७.६ पासून त्या एका टास्कला ‘--रीरन’ देता येतं. बेझल या बाबतीत सरळ आहे, निकालाशेजारी ‘कॅश्ड’ असं लिहूनच दाखवतं.

अधूनमधून पडणाऱ्या टेस्ट

मेव्हन पुन्हा चालवून पास झालेल्या टेस्ट ‘फ्लेक्स’ म्हणून वेगळ्या मोजतं आणि एक्सएमएलमध्ये तशी नोंद ठेवतं, ३.०.०-एम६ पासून अशा किती टेस्टनंतर बिल्ड पाडायची हेही ठरवता येतं. ग्रेडलला टेस्ट-रिट्राय हे वेगळं प्लगइन लागतं. त्यासोबत ‘मर्ज रीरन्स’ चालू केलं नाही तर एक्सएमएलमध्ये तीच टेस्ट एकदा पडलेली आणि एकदा पास झालेली अशी दोनदा येते, आणि बिल्ड हिरवी असताना सीआय लाल दाखवू शकतं. बेझल ‘फ्लेकी’ असा शिक्का मारतं आणि आधीच्या प्रयत्नांचे लॉगही ठेवतं.

मग घ्यायचं काय

पाच-सात मॉड्यूल, टीम लॉग वाचूनच काम करते आणि कॉन्फिगरेशनवर वेळ घालवायला कुणी नाही, तर मेव्हन. मॉड्यूल वीस-तीसच्या पुढे, समांतर बिल्ड रोजची आणि रिपोर्ट ब्राउझरमध्ये बघायची सवय असेल तर ग्रेडल, पण टेस्टलॉगिंगचा ब्लॉक सगळ्या मॉड्यूलना एकाच सामायिक कन्व्हेन्शन प्लगइनमधून लावा. अनेक भाषांचा एकच रिपॉझिटरी असेल तर बेझल. फक्त त्यासाठी एक्सएमएलची जबाबदारी कुणा एकावर नावानिशी टाका.

सीआयवर तिन्हींना लागू

रिपोर्ट उचलण्याची पायरी टेस्ट पडली तरी चाललीच पाहिजे. जेनकिन्समध्ये ती पोस्ट ब्लॉकच्या ‘ऑलवेज’मध्ये ठेवा, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये त्या पायरीला ‘ऑलवेज’ची अट घाला. गिटलॅबमध्ये जेयुनिट रिपोर्ट म्हणून नोंदवलेल्या फाइल तशाही वर जातात. तिथे अडचण लॉगची असते. जॉब चालवणाऱ्या गिटलॅब रनरची लॉगसाठीची मुळातली मर्यादा ४ एमबी आहे. ती ओलांडली की जॉब चालू राहतो, पण पुढचं आउटपुट साठवलं जात नाही. मेव्हनची शेवटची यादी हरवते ती इथेच.

आणि कन्सोलची प्रत ठेवायला बिल्डचं आउटपुट पाइपने ‘टी’ कमांडला देत असाल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅशचा ‘पाइपफेल’ चालू करा. तो नसेल तर शेलला दिसतो तो ‘टी’चा एक्झिट कोड, म्हणजे शून्य, आणि पडलेल्या टेस्टची बिल्ड हिरवी होऊन पुढे डिप्लॉयला जाते.