पिशव्या छापणारे काका, रत्नागिरी – पोरांना घेऊन गेले होते

बारावी कॉमर्सच्या पोरांना ब्रँडिंग शिकवायचं होतं, नुसत्या व्याख्या लिहून देऊन काय डोक्यात शिरत नाही, म्हणून प्रत्येक गटाला एक दुकान दिलं, काजूवाला, आंबापोळी, कोकम सरबत वगैरे, आणि त्याची कापडी पिशवी डिझाइन करायला लावली, मग बाजारातल्या एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे छापायला नेलं. काका भारी माणूस! प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन (जाळीची चौकट) लागते म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला, हे त्यांनी पोरांच्या हातात स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, देऊनच दाखवलं. एका गटाचा पाच रंगांचा आंबा तिथेच दोन रंगांवर आला आणि खरं सांगते, जास्त उठून दिसायला लागला. बारीक अक्षरं जाड कापडावर भरून जातात हेही कळलं. मग पिशवी धरून एकाला रस्त्यापलीकडे उभं केलं, दुकानाचं नाव वाचता येतंय का बघा म्हणाले. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल असं भौगोलिक मानांकन, मिळालाय, त्यामुळे वाटेल त्या आंब्याच्या पिशवीवर 'हापूस' छापायचं नाही, हे मी मध्येच सांगून घेतलं. शिलाई पक्की, बंद मजबूत, पाच किलो तांदूळ घालून बघितले. फक्त लाल शाई दुसऱ्या धुण्यात जरा फिकी झाली, तेवढं बघा काका. पुढच्या वर्षीची बॅच पण तुमच्याकडेच आणणार.