जुना गिअरबॉक्स की इंजिनासोबतचा?

कमी बजेटच्या रेसकारमध्ये मोठं इंजिन बसवायचं ठरलं की नाशिकच्या गॅरेजांत दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडीचाच गिअरबॉक्स ठेवा, मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट (न जुळणारे इंजिन-गिअरबॉक्स जोडणारी पट्टी) घाला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत चांगला टर्नर (लेथवर काम करणारा) मिळतो, त्यामुळे हे स्वस्त वाटतं. पण प्लेट आणि क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) यांचं केंद्र मिलिमीटरच्या एक-दोन दशांशानं हुकलं तरी क्लच प्लेटचा हब आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग लवकर जातं. अ‍ॅडॅप्टर प्लेटच्या जाडीने रिलीज बेअरिंगचं (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचं) अंतर बदलतं, ते वेगळंच. क्लच प्लेटही जुळवावी लागते: बाहेरचा व्यास नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलचा, स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचे. शिवाय हिशोब बघा. इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन मीटर, पहिला गिअर ३.५, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधली शेवटची गिअरजोडी) ४, म्हणजे गुणाकाराने चाकांकडे १५४० निघाले. लहान इंजिनासाठी बनलेले गिअरचे दात हे किती दिवस सोसणार?

दुसरा मार्ग, मोठं इंजिन ज्या गाडीतून येतंय, तिचाच गिअरबॉक्स इंजिनासकट उचलायचा. भंगारवाला जास्त मागेल, माउंट नव्याने वेल्ड करावे लागतील. ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) मात्र जोडकाम: आतला जॉइंट गिअरबॉक्सचा, बाहेरचा चाकाच्या हबचा, लांबी मोजूनच. मी हाच घेईन.

क्लच? इंजिन मूळ ताकदीचं असेल तर नेहमीच्या गाड्यांत असते ती साधी ऑरगॅनिक क्लच प्लेट पुरते. सिरॅमिक घसरत नाही, पण झटक्याने पकडते. मातीवर सुटताना तो झटका थेट ड्राइव्हशाफ्टला बसतो.